फेब्रुवारीत लॅपलँड, सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची लेक. जॅकेट कुठलं घ्यावं?

द्राक्षबाग (१२ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फिनलंडच्या लॅपलँडला जायचं ठरलंय. हेलसिंकीत एक रात्र, मग रोवानिएमीला तीन आणि वर इनारीला तीन. मी, नवरा, माझे आई (६४) बाबा (६९) आणि लेक, ती सहा वर्षांची आहे आणि तिला सांताला काहीतरी महत्त्वाचं विचारायचंय, काय ते आम्हाला सांगत नाहीये. बाबांना नॉर्दर्न लाइट्स बघायचेत, दहा वर्षं म्हणतायत की डोळे धड आहेत तोवर बघून घेऊ. आईला काहीच बघायचं नाहीये, आम्ही सगळे जातोय म्हणून ती येतेय.

आमची थंडी म्हणजे निफाडला पारा ५ वर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो, तेवढीच. एकदा मनालीला बर्फात दोन तास खेळलो आणि मी रडायचीच बाकी होते. आता इथे दुकानदार म्हणतोय मायनस ४० चं जॅकेट घ्या, प्रत्येकी अठरा हजार, म्हणजे पाच जणांचे नव्वद हजार नुसते जॅकेटचे!! घ्यावं का? अजून काय लागेल? आणि लहान मूल आणि म्हातारी माणसं घेऊन जाणं हा मुळात वेडेपणा तर नाही ना, हेही सांगा, नवरा सोडून सगळे नातेवाईक तसंच म्हणतायत.

ओउलूकर (१२ नोव्हेंबर)

वेडेपणा अजिबात नाही. मी फिनलंडमध्येच ओउलूत राहतो, नववा हिवाळा चालू आहे, मूळचा सांगलीचा, म्हणजे तुमच्यापेक्षाही उकाड्यातला. इथे मुलं मायनस २० मध्ये सायकलने शाळेत जातात, तुमची लेक तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मजा करेल.

जॅकेट थोडा वेळ विसरा. आधी आकडे बघू. रोवानिएमीत जानेवारी-फेब्रुवारीचं सरासरी तापमान मायनस १०-१२ च्या आसपास असतं. मध्येच एखादी लाट येते आणि तीन-चार दिवस मायनस २५-३० ला जाऊन बसते, आणि कधी उलटंही होतं, पारा शून्यावर येतो आणि सगळं वितळायला लागतं. खरं सांगू का, आई-बाबांसाठी मला ते शून्यवालं जास्त भीतीचं वाटतं. वितळलेलं रात्री परत गोठतं आणि सकाळी फुटपाथ काचेसारखा. त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे बुटांना खालून चढवायचे ते खिळेवाले रबरी पट्टे. इकडे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, फार महाग नाहीत. फक्त दुकानात, हॉटेलात शिरताना काढायचे, फरशीवर तेच खिळे घसरतात. काठी वापरत असतील तर काठीच्या टोकाला लावायचा खिळाही मिळतो. आणि चालताना पाऊल छोटं, वजन पुढच्या पायावर, बदकासारखं चालायचं, लाजायचं नाही, आम्ही सगळे तसेच चालतो.

आता कपडे. थंडीत माणूस गारठतो तो बहुतेक वेळा जॅकेट पातळ म्हणून नाही, तर आत ओला झाला म्हणून. तुम्ही सगळं अंगावर चढवून हॉटेलच्या गरम लॉबीत वीस मिनिटं गाडीची वाट बघता, घाम येतो, मग बाहेर पडल्यावर तो घाम गार होतो आणि कितीही जाड जॅकेट असलं तरी आतून कुडकुडायला लागता. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून अंगाला लागून जे असेल ते सुती नको, काहीही झालं तरी नको. बनियन नको, सुती मोजे नकोत, जीन्स तर नकोच नको. मेरिनो लोकरीचे आतले कपडे प्रत्येकी दोन जोड घ्या, महाग वाटतात पण ओले झाले तरी ऊब धरतात आणि चार दिवस घातले तरी वास येत नाही (हे मी अनुभवाने सांगतोय, बायकोला विचारू नका). मेरिनो परवडत नसेल तर खेळाच्या दुकानात सिंथेटिक थर्मल मिळतात तेही चालतील. त्यावर फ्लीस किंवा आजीने विणलेला खराखुरा लोकरीचा स्वेटर, हसू नका, तो उत्तम असतो. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, थोडं ढगळ काहीतरी. घट्ट जॅकेटमध्ये आतली हवा दाबली जाते आणि हवाच तर ऊब धरून ठेवते.

बाहेरच्या थरासाठी अठरा हजार घालू नका. हस्की (कुत्र्यांची स्लेज), स्नोमोबाइल वगैरे जे काही बुक कराल त्यात बहुतेक सगळे सफारीवाले आपले जाड एकसंध सूट, बूट, हातमोजे देतात, बुकिंग करताना विचारून घ्या. रोवानिएमीत आठवड्यासाठी भाड्यानेही सगळं मिळतं, मुलांच्या मापातलं सुद्धा.

पैसे घालायचेच असतील तर बुटांत घाला. नेहमीपेक्षा एक ते दीड नंबर मोठे, आत लोकरीचा मोजा घालून बोटं मोकळी हलली पाहिजेत. लोक घट्ट बुटात दोन-तीन मोजे कोंबतात, रक्त खाली पोचत नाही आणि मग म्हणतात बूट भिकार निघाले. आणि पाच बोटांचे ग्लोव्ह्ज फोटो काढण्यापुरते ठीक, खरी ऊब मिटन्समध्ये, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच खणात, एकमेकांना चिकटून राहतात. आत पातळ लोकरीचे हातमोजे, वर मिटन्स.

मधलीसुट्टी (१२ नोव्हेंबर)

लॅपलँडमध्येच किट्टिला भागात पोक्का म्हणून गाव आहे तिथे २८ जानेवारी १९९९ ला मायनस ५१.५ नोंदलंय, फिनलंडचा विक्रम. शुभेच्छा!

ओउलूकर (१२ नोव्हेंबर)

@मधलीसुट्टी, घाबरवू नका हो त्यांना. बरं विषय काढलाच आहे तर, लॅपलँडमध्ये कडाक्याची थंडी पडते तेव्हा हवा बहुधा स्तब्ध असते आणि गार हवा जड म्हणून खोलगट भागात, नदीकाठी, तळ्याकाठी साचते. गावात मायनस ३० असताना जवळच्या डोंगरमाथ्यावर मायनस १८ असू शकतं. आपल्याकडे उलटं शिकवतात की वर गेलं की गार.

कुडकुडे_सहकुटुंब (१३ नोव्हेंबर)

आम्ही मागच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी जाऊन आलो, ठाण्याहून, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई (७१). काय काय चुकलं तेच सांगते कारण कपड्यांचं वर ओउलूकरांनी सांगितलंच आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे.

आमचं सगळ्यात मोठं चुकलं ते म्हणजे लाइट्स बघायला उभं राहणं. दिवसभर चालतो फिरतो तेव्हा काही वाटत नाही, मायनस १८ मध्ये मुलं बर्फात लोळत होती. पण रात्री दहाला त्या तळ्यावर जाऊन नुसतं उभं राहायचं, वर बघत, दोन-दोन तास, काहीही हालचाल न करता, तेव्हा कळतं थंडी काय असते ते. ती खालून येते. बर्फातून बुटाच्या तळव्यातून वर चढते. गाइडने त्याच्या सॅकमधून फोमचा एक तुकडा काढून सासूबाईंच्या पायाखाली ठेवला तेव्हा मला लाज वाटली की हे आपल्याला का नाही सुचलं. पुढच्या वेळी मी जुन्या योगा मॅटचे चौकोन कापून नेणार आहे, वजन काही नाही, उभं राहायला पण आणि बसायला पण.

दुसरं म्हणजे दागिने. कोणीच हे सांगत नाही. सासूबाईंच्या पायात चांदीची जोडवी होती, वर्षानुवर्षांची, निघतच नाहीत असं म्हणाल्या आणि आम्हीही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पाय थोडे सुजले, बूट तसेच होते, आणि संध्याकाळी त्या म्हणाल्या बोट लागतंच नाहीये, म्हणजे आहे की नाही कळत नाहीये. हॉटेलवर जाऊन कोमट पाण्यात पाय ठेवला, साबण लावून जोडवं काढलं, अर्ध्या तासाने झिणझिण्या यायला लागल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तर आईंची जोडवी इथेच, नाशिकलाच, साबण लावून काढून ठेवा. कानातलं पण, धातू गार होतो आणि कानाची पाळी धरते. मंगळसूत्र काढायला तयार नसतील तर आतल्या थर्मलच्या वरून घालू दे, अंगाला लागू देऊ नका.

तिसरं, शू. हसू नका. थंडीत सारखी लागते आणि पाच थर उतरवून परत चढवायला एका माणसाला दहा-बारा मिनिटं. कुठेही निघायच्या आधी सगळ्यांना, लागली असो नसो, पाठवायचंच. आमच्या धाकट्याने स्लेजमध्ये बसल्या बसल्या दुसऱ्या मिनिटाला जाहीर केलं होतं.

आणि काचेच्या इग्लूत राहायचा मोह होईल, एखादी रात्र हौस म्हणून ठीक आहे पण ती रात्र ढगाळ निघाली तर काचेतून ढगच दिसतात.

द्राक्षबाग (१३ नोव्हेंबर)

बाप रे, किती छान माहिती, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. जोडव्यांचं वाचून आईला फोन केला, ती म्हणाली बघू. बाबांना बनियनचं सांगितलं तर म्हणाले गेली साठ वर्षं सुती बनियन घालतोय, फिनलंडसाठी बदलणार नाही. यावर उपाय?

अजून दोन-तीन शंका. बाबांना बीपी आहे, गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे. आईला थोडा दम्याचा त्रास. रोवानिएमी ते इनारी नवरा म्हणतोय गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवू, तो मुंबई-नाशिक घाटात पावसात चालवतो तर बर्फात काय एवढं. माझा ठाम विरोध आहे पण तुम्हीच सांगा म्हणजे घरात भांडण नको. आणि जेवण, आम्ही शाकाहारी, आईला कांदा-लसूण चालतो, अंडं नाही.

मिरजेची_डॉक्टर (१३ नोव्हेंबर)

बाबांचं आणि आईचं जायच्या महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, इथल्या कुणाच्या (माझ्यासुद्धा) सल्ल्यावर गोळ्या बदलू नका. पण समजून घ्यायला म्हणून सांगते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला जातं आणि बीपी वाढतं. शरीराला वाटतं आत पाणी जास्त झालंय म्हणून लघवी वाढते, ते वरच्या ताईंनी लिहिलंय त्याचं कारण हे. तिकडे तहान लागत नाही, त्यामुळे माणूस कोरडा पडतो आणि त्याला कळत नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि आठवण करून पाजा. बीपीचं मशीन सोबत न्या. बाबांनी गुडघाभर बर्फातून चालणं, गाडी ढकलणं, फावड्याने बर्फ काढणं असलं काही करू नये, थंडी आणि अचानक जोर लावणं ही जोडी हृदयाला वाईट.

आईंनी नाका-तोंडावरून मफलर घेऊन त्यातूनच श्वास घ्यावा, पंप जॅकेटच्या आतल्या खिशात, बाहेरच्या खिशात गार पडला तर नीट फवारा येत नाही. सगळ्या गोळ्या केबिन बॅगेत, सोबत प्रिस्क्रिप्शन, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, नुसतं आपल्याकडचं कंपनीचं नाव तिकडे कोणाला कळणार नाही.

हिमदंशाचं: गाल, नाकाचा शेंडा, कान, बोटं. जागा पांढरट दिसायला लागते आणि बधिर होते. स्वतःला दिसत नाही म्हणून जोड्या लावा, दर दहा मिनिटांनी एकमेकांचा चेहरा बघायचा, लेकीला हे काम द्या, मुलं मनापासून करतात. पांढरं दिसलं की आत जायचं, उघडा ऊबदार तळहात ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही, हीटरवर किंवा शेकोटीवर शेकायचं नाही कारण बधिर जागेला भाजलेलं कळत नाही. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना आली नाही तर डॉक्टर. तिकडे सगळ्या आणीबाणीला एकच नंबर, ११२.

आणि बाबांना ब्रँडीने ऊब येते वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका. गरम वाटतं कारण रक्त कातडीकडे येतं, आणि तिथून ऊब बाहेर निघून जाते.

मधलीसुट्टी (१३ नोव्हेंबर)

शेवटच्या परिच्छेदाशी तत्त्वतः असहमत.

पेगचा_गारठा (१४ नोव्हेंबर)

नमस्कार, मी कॅनडात विनिपेगला असतो, १४ वर्षं. लॅपलँडला गेलेलो नाही पण बर्फात गाडी रोज चालवतो म्हणून त्या एका मुद्द्यावर बोलतो.

तुमच्या मिस्टरांना सांगा की घाटातला पाऊस आणि बर्फ यात फरक एवढाच की पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते. मी पहिल्या हिवाळ्यात रिकाम्या पार्किंगमध्ये दोन रविवार नुसता ब्रेक मारून घसरायची प्रॅक्टिस केली तेव्हा कुठे रस्त्यावर आलो. चालवूच नये असं म्हणत नाही, लॅपलँडमध्ये भाड्याच्या गाड्यांना हिवाळ्यात खिळेवाले टायर असतात आणि रस्ते नीट साफ करतात, पण पहिल्यांदाच बर्फ बघणाऱ्या माणसाने, मागे म्हातारी माणसं आणि लहान मूल बसवून, अंधारात जवळपास सव्वातीनशे किलोमीटर, हे मी माझ्या भावाला करू देणार नाही. त्यात रेनडिअर. ते रस्त्यावर येऊन उभे राहतात, हॉर्नला जुमानत नाहीत.

तरी चालवणारच असतील तर दिवसाउजेडी निघा, पुढच्या ट्रकच्या मागे उडणाऱ्या बर्फाच्या धुरळ्यात शिरून ओव्हरटेक करू नका, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, खायला काहीतरी. गाडी बर्फात अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, गाडीतच बसायचं, आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साठलेला नाही ना ते बघायचं, नाहीतर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. माणसं थंडीने नाही, याने जातात.

अजून एक, हवामानात नुसता पारा बघू नका, वारा बघा. मायनस २५ आणि ताशी ३० किमीचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते मायनस ३९ सारखं लागतं. तेवढ्यात उघडा गाल दहा ते तीस मिनिटांत गोठू शकतो. स्नोमोबाइलवर वारा तुम्ही स्वतःच तयार करता, म्हणजे हवा स्तब्ध असली तरी.

ओउलूकर (१४ नोव्हेंबर)

वरच्या गाडीच्या प्रतिसादाला +१. बसने जा, रोवानिएमीहून इनारीला बस आहे, चांगली गरम असते, बाबा खिडकीत बसून झोपतील. रेनडिअरला गाडी लागलीच तर तसंच निघून जाता येत नाही, ११२ ला कळवावं लागतं, तो कुणातरी पाळणाऱ्याचा असतो, जंगली नसतो. आणि इथे पार्किंगमध्ये विजेचे खांब दिसतील, त्यावरून गाडीचं इंजिन निघायच्या दोन-तीन तास आधी गरम करत ठेवतात. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं सगळा देश इलेक्ट्रिक गाड्यांवर गेलाय.

अंधारात चालताना जॅकेटला लोंबणारा छोटा रिफ्लेक्टर लावा, तो इथे पादचाऱ्यांनी वापरायचाच असतो. अंधाराची मात्र काळजी नको, फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवस जवळपास नऊ तासांचा झालेला असतो. डिसेंबरात येणारे लोक मात्र अंधारामुळे सारखे झोपतात.

हेलसिंकीहून रोवानिएमीला विमानाऐवजी रात्रीच्या रेल्वेचाही विचार करा. झोपायचे डबे असतात, साधारण बारा तास, लेकीला फार आवडेल. आणि आईंसाठी: हॉटेलात पोत्कुरी मागा. खुर्चीला लांब लोखंडी पट्ट्या लावल्यासारखी घसरगाडी असते, पुढे एक बसतो आणि मागचा एका पायाने ढकलतो. गावातल्या म्हाताऱ्या बाया तिच्यावर सामान ठेवून बाजारात जातात.

भाकरीभक्त (१५ नोव्हेंबर)

जेवणाचं मी घेतो, एस्पूला सहा वर्षं काढलीत, पक्का शाकाहारी.

पहिली गोष्ट, तूप आणू नका. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तूप, पनीर, खवा सगळं विमानतळावर जाईल. इथलं लोणी (वोई म्हणतात) घेऊन घरीच कढवा, सुरेख तूप होतं. म्हणजे हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, निदान इनारीला. मेतकूट, भाजणी, पोहे, उपम्याचा रवा भाजून, गोडा मसाला, थेपले, शेंगदाण्याची चटणी, एवढं पुरे. तांदूळ, बटाटे, कोबी, मटार, दही सगळं सुपरमार्केटात मिळतं, पाणी नळाचं प्या. फोडणी देताना चिमणी आधी चालू करा, प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो आणि तो मोहरीला ओळखत नाही.

पाकिटावर फिनिश आणि स्वीडिश असतं, इंग्लिश क्वचित. हे पाठ करा: लिहा म्हणजे मांस, काना म्हणजे कोंबडी, मुना म्हणजे अंडं, काला म्हणजे मासा, पोरो म्हणजे रेनडिअर. थोडक्यात, 'लिहा' आणि 'काना' दोन्ही टाळायचं आणि पोरो दिसला तर पळायचं. कासविस दिसलं म्हणजे भाजीचं, पण तरी मुना आहे का बघा. कार्यालानपीराक्का म्हणून राय या धान्याच्या (आपली मोहरी नव्हे) पातळ पापुद्र्यात भाताची खीर भरलेली असते, गोड नसते, आई-बाबांना आवडेल, पण त्यावर अंडं घातलेलं लोणी लावून देतात तेवढं नको म्हणायचं.

खोबरेल तेल आणायचं तर आणा पण ते दगड होईल, पुण्यातही डिसेंबरात होतं. व्हॅसलिन बरं. हीटिंगने हवा इतकी कोरडी असते की चार दिवसांत ओठ आणि टाचा फुटतात.

कुडकुडे_सहकुटुंब (१५ नोव्हेंबर)

फोनचं राहिलंच. बॅटरी ४० टक्क्यांवरून धाडकन बंद पडते, ऐन लाइट्सच्या वेळी. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, फोटोपुरता काढा. पॉवर बँक केबिन बॅगेत. आणि कॅमेरा बाहेरून आत आणताना बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग आणा, तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं. गार फोन लगेच चार्जिंगला लावू नका.

बाबांना आधीच सांगून ठेवा की डोळ्यांना ते फोटोइतकं हिरवंगार दिसेलच असं नाही, बरेचदा राखाडी, ढगासारखा पट्टा दिसतो आणि मग तो हलायला लागतो. आमचे हे पहिली पंधरा मिनिटं ढग समजून आत जाऊन बसले होते. फिनिश हवामान खात्याच्या साइटवर ढगांचा अंदाज बघा, लाइट्सच्या ॲपपेक्षा तो महत्त्वाचा.

बनियनविरोधी (१६ नोव्हेंबर)

बाबांच्या बनियनवर उपाय: बाह्या नसलेलं मेरिनोचं बनियन मिळतं, पांढरं. काही सांगू नका, नुसतं बॅगेत ठेवा.

द्राक्षबाग (९ मार्च)

परत आलो, सगळे दहा-दहा बोटं घेऊन. उशिरा लिहितेय कारण आल्यावर लेकीची शाळा आणि माझा खोकला.

जॅकेटं घेतली नाहीत, तिथे भाड्याने घेतली. बूट मात्र इथून मोठ्या मापाचे घेतले. तापमान रोवानिएमीत मायनस ८ ते १४ होतं, इनारीत एक दिवस मायनस २९, त्या दिवशी नाकातले केस गोठल्याचं कळतं, फार विचित्र वाटतं. बसने गेलो, नवरा अजून म्हणतोय रस्ता इतका सरळ होता की मी चालवली असती. वाटेत बाहेर घसरलेल्या दोन गाड्या दिसल्या तेव्हा तो खिडकीतून दुसरीकडे बघत होता.

लाइट्स: पहिल्या दोन रात्री ढग. इनारीत दुसऱ्या रात्री साडेअकराला केबिनच्या मालकांनी दार वाजवलं. आम्ही योगा मॅट, थर्मास, सगळं घेऊन तळ्यावर, आणि बाबा बाहेर आले ते कानटोपी न घालता. चाळीस मिनिटं होतं. बाबा काही बोललेच नाहीत, मीच दर दहा मिनिटांनी त्यांचा चेहरा बघत होते, ठरल्याप्रमाणे, आणि एकदा कान पांढरा दिसला म्हणून माझा मफलर गुंडाळला. काही झालं नाही, पण @मिरजेची_डॉक्टर, तुमचं वाक्य डोक्यात नसतं तर मीही वरच बघत बसले असते. बनियन त्यांनी पहिल्या दिवशी सुतीच घातलं होतं. हस्कीहून आल्यावर गपचूप बॅगेतलं दुसरं काढलं.

आईने जोडवी काढली, विमानात बसल्यावर, साबणाशिवाय, म्हणजे निघत होती! पोत्कुरीवर ती बसली नाही, तिने ढकलली. लेकीला बसवून गावभर. तिसऱ्या दिवशी मला सांगून गेली नाही आणि एकटीच दुकानात जाऊन लोणी घेऊन आली, पाकीट बघून, वोई.

सांताला लेकीने काय विचारलं ते अजून कळलेलं नाही.

चुकलं काय ते पण सांगते. हेलसिंकीची रात्र वाया गेली, सगळे झोपलो, त्यापेक्षा इनारीत चौथी रात्र हवी होती. आणि लेकीचे मिटन्स एकच जोड नेले होते, ते रोज ओले व्हायचे आणि रात्री हीटरवर वाळत टाकायचे, दोन-तीन जोड न्या.

बाबांचे बूट ४३ नंबर, आठवडाभर वापरलेत, आत लोकरीचं अस्तर, नाशिकमध्ये कोणाला हवे असतील तर मेसेज करा. आईचे विकायचे नाहीयेत असं तिने सांगितलंय.

मधलीसुट्टी (९ मार्च)

४३ म्हणजे आपला ९ का? जानेवारीत स्पितीला जायचं म्हणतोय. किती घेणार?